यंत्र विकलं, व्हिडिओही टाकला. आता पेटंट मिळेल का?

सांगली जिल्ह्यातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपच्या मालकांनी प्रश्न विचारला आहे. तो आधी थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं उत्तर इतरांनाही कळेल. हळद काढल्यावर गड्ड्यापासून हळकुंडं मोडून वेगळी करायचं काम अजून बहुतेक ठिकाणी बायका हातानेच करतात. त्यांनी त्यासाठी यंत्र बनवलं. मळणी यंत्रासारखा फिरणारा ड्रम, पण लोखंडी दात्यांच्या जागी रबराची बोटं, त्यामुळे बियाण्यासाठी ठेवायच्या गड्ड्याची साल सोलवटत नाही. मागच्या हंगामात तीन यंत्रं ओळखीच्या शेतकऱ्यांना विकली. मुलाने व्हिडिओ टाकला, तो हजारो लोकांनी पाहिला. आता शेजारच्या तालुक्यातला मोठा कारखाना तसंच यंत्र विकतो आहे. एक सल्लागार म्हणतो, २५ हजार द्या, पेटंट करून देतो, मग कोणी हात लावणार नाही. मेहुणे म्हणतात, पेटंट हा कंपन्यांचा खेळ आहे, आपल्यासाठी तो कायदाच नाही. कोणाचं ऐकावं?

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि गेली बावीस वर्षं पुण्यात पेटंट एजंट म्हणून काम करते. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं तुमच्यासारखीच असतात: हात काळे, डोकं तल्लख आणि यायला सहा महिने उशीर. म्हणून सविस्तर लिहिते.

तुम्ही विचारलंय, 'पेटंट घ्यावं का?' मला दिसणारा खरा प्रश्न वेगळा आहे: या यंत्रातलं काय अजून फक्त तुम्हालाच माहीत आहे? तुमच्या पत्राच्या अगदी शेवटी एक वाक्य आहे. 'आता ड्रम आणि जाळी यांच्यातलं अंतर गड्ड्याच्या आकाराप्रमाणे आपोआप कमी-जास्त होईल अशी स्प्रिंगची जोडणी बसवली आहे, ती अजून कोणाला दाखवलेली नाही.' सगळ्या पत्रात हे वाक्य सर्वांत मोलाचं आहे. त्याच्याकडे परत येऊ.

आधी जुन्या यंत्राचं बोलू. पेटंट मिळायला शोध नवा लागतो, आणि नवा म्हणजे अर्ज करण्याच्या तारखेआधी जगात कुठेही प्रसिद्ध न झालेला, भारतात उघडपणे वापरात न आलेला. त्याचा गवगवा तुम्ही स्वतः केला की दुसऱ्या कोणी, याने साधारणपणे फरक पडत नाही. इथेच बहुतेकांना धक्का बसतो. 'अहो, माझाच व्हिडिओ, माझंच यंत्र, मग माझ्याच आड कसं येईल?' येतं. लोकांनी आधीच पाहिलेली गोष्ट वीस वर्षं त्यांच्यापासून राखून ठेवायचा हक्क सरकार देत नाही.

हा नियम तुम्हाला आज अन्यायाचा वाटेल, पण याच नियमाने हळद आपल्याकडे परत आणली होती. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने हळदीने जखम भरून येण्यावर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट दिलं होतं. पुढे डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआर या केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन संस्थेचे महासंचालक असताना संस्थेने त्या पेटंटला आव्हान दिलं. जुने ग्रंथ आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला लेख पुढे ठेवला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्या आजीला जे ठाऊक होतं ते नवं कसं, एवढाच मुद्दा होता. 'आधी माहीत असलेल्यावर पेटंट नाही' ही ढाल आपण तेव्हा वापरली. तुमच्या जुन्या ड्रमच्या बाबतीत तीच ढाल आज समोरच्या कारखान्याच्या हातात आहे.

आता यात परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगते, कारण तुमचं यंत्र आणि व्हिडिओ मी पाहिलेले नाहीत. व्हिडिओत नुसतं यंत्र बाहेरून चालताना दिसत असेल, वरून हळद पडतेय आणि खालून हळकुंडं येताहेत एवढंच, तर आतली रचना त्यातून उघड झाली असं म्हणता येत नाही. पण तीन यंत्रं तुम्ही विकली आहेत. घेणाऱ्याने झाकण उघडून आत बघितलं तर त्याला कोणतंही बंधन नव्हतं. 'कोणाला दाखवू नका' असं तुम्ही लिहून घेतलं होतं का? बहुधा नाही. मग जे विकलं, ते उघड झालं, असंच धरून चालावं.

कायद्यात सवलती आहेत, पण अरुंद आहेत. शोधाचं स्वरूपच असं असेल की चाचणी उघड्यावर घ्यावी लागते, तर केवळ चाचणीसाठी केलेला तसा वापर अर्जाच्या आधीच्या एका वर्षात झाला असेल तर चालतो. शेतीच्या अवजारांना ही तरतूद फार उपयोगी आहे, पण ती चाचणीपुरती आहे. पैसे घेऊन बिल फाडलं की चाचणी म्हणणं अवघड होतं. सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडलं तर बारा महिन्यांची मुभा मिळते, पण आपल्याकडची बहुतेक कृषी प्रदर्शनं त्या अधिसूचनेत नसतात. कोणी तुमच्याकडून माहिती घेऊन तुमच्या संमतीवाचून प्रसिद्ध केली तर तीही सवलत आहे. तुमच्या बाबतीत व्हिडिओ घरच्याच माणसाने टाकलाय, त्यामुळे ती लागू नाही. मुलाला रागावू नका. माझ्याकडे पीएच.डी. झालेले प्राध्यापक याच कारणाने हात हलवत परत गेले आहेत. परिषदेत शोधनिबंध आधी वाचला आणि अर्जाचं नंतर सुचलं.

तेव्हा रबरी बोटांचा जो ड्रम तुम्ही विकलात, त्यावर टिकणारं पेटंट मिळण्याची आशा मी धरणार नाही. सल्लागाराला विचारा: 'तीन यंत्रं आधीच विकली आहेत, याचं काय करणार?' त्याच्या उत्तरावरून तुम्हाला माणूस कळेल. 'ते कोण बघतंय' असं म्हणाला तर उठून या. पेटंट कार्यालयाला ती विक्री कदाचित कळणार नाही आणि पेटंट मिळूनही जाईल. पण ज्या दिवशी तुम्ही त्या कारखान्याला नोटीस पाठवाल, त्या दिवशी त्यांचा वकील तुमचाच व्हिडिओ तारखेसकट न्यायालयात दाखवेल.

मात्र हाच व्हिडिओ तुमचं एक रक्षणही करतो. तो कारखाना उद्या त्याच ड्रमवर पेटंट मागायला गेला तर त्यांनाही मिळू नये, कारण तो आता सगळ्यांना माहीत आहे. कार्यालयात अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि पेटंट मिळण्याआधी कोणीही माणूस त्याला लेखी विरोध करू शकतो, त्यासाठी स्वतःचं पेटंट असावं लागत नाही. म्हणून तिन्ही विक्रीची बिलं, व्हिडिओची मूळ फाइल, रबरवाल्याची पावती, पहिल्या ड्रमचे फोटो, सगळं तारखेसह एका ठिकाणी जपून ठेवा. तुमच्याच कल्पनेवर तुम्हालाच कोणी नोटीस पाठवली तर हीच फाइल कामाला येईल. असं घडताना मी पाहिलं आहे, म्हणून कळकळीने सांगते.

आता स्प्रिंगच्या जोडणीकडे येऊ. ती अजून वर्कशॉपच्या बाहेर गेलेली नाही. इथे तुम्हाला वाव आहे, पण एक चढण चढावी लागेल.

नवं असणं पुरत नाही. त्या क्षेत्रातल्या जाणकार कारागिराला सहज सुचणार नाही असं काहीतरी त्यात लागतं. या मुद्द्यावर आपल्याकडचा पायाभूत निकाल वर्कशॉपमधूनच आलेला आहे. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या दोन भांडी बनवणाऱ्यांचं भांडण होतं. एकाने भांडं लेथवर पकडून ठेवायच्या साधनावर १९५१ मध्ये पेटंट घेतलं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७८ मध्ये निकाल लागला की ही निव्वळ वर्कशॉपमधली सुधारणा आहे, शोध नाही. आधी माहीत असलेल्या गोष्टींना माहीत असलेला भाग जोडला आणि अपेक्षित तोच परिणाम मिळाला, तर त्याला पेटंट नाही. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या नावाने हा निकाल आजही जवळजवळ प्रत्येक वादात उद्धृत होतो. १९७० च्या पेटंट कायद्यातही अशा नुसत्या जुळणीला, म्हणजे जुने भाग एकत्र आणले पण प्रत्येक भाग आपापलं जुनंच काम सुटंसुटं करतोय, अशा मांडणीला पेटंट नाकारलं आहे.

मग तुमची स्प्रिंग कुठे बसते? स्प्रिंगने अंतर बदलणं ही कल्पना यंत्रांच्या जगात जुनी आहे. अर्ज तपासणारा पेटंट कार्यालयातला परीक्षक पहिल्या पत्रात हेच लिहील. उत्तरात तुम्हाला दाखवावं लागेल की हळदीच्या गड्ड्याच्या बाबतीत या जोडणीने असं काही घडतं जे नुसत्या स्प्रिंगने घडलं नसतं. उदाहरणार्थ, बोटं मागे वाकतात त्याच क्षणी जाळी खाली जाते, म्हणून गड्डा अडकत नाही आणि हळकुंड मात्र सांध्यावरच तुटतं, मधून मोडत नाही. असं काही खरंच होतं का? हे मी इथे बसून ठरवू शकत नाही. ते तुम्हाला मोजून दाखवावं लागेल. जुन्या यंत्रातून शंभर किलो काढा, नव्यातून शंभर किलो काढा. साल सोललेले गड्डे किती, मधून मोडलेली हळकुंडं किती, यंत्र किती वेळा अडकलं, हे वहीत लिहा. तारीख घाला, सही करा. वर्कशॉपचं शटर खाली ओढून हे काम होतं. असे आकडे घेऊन आलेल्या माणसाचा अर्ज लिहायला मला आनंद होतो, कारण परीक्षकाला उत्तर द्यायला हातात काहीतरी असतं.

त्याआधी एक रविवार आधीची पेटंटं शोधायला द्या. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर इनपास नावाची शोधप्रणाली आहे, फुकट आहे. गुगल पेटंट्स आणि युरोपचं एस्पेसनेटही फुकट. नुसतं 'हळद' शोधू नका. आलं, रताळं, बटाटा, भुईमूग, सगळे कंद-शेंगा बघा. चीनमध्ये आल्याच्या यंत्रांवरच पेटंटांचा ढीग आहे. चित्रं बघून तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल की कोणतं यंत्र तुमच्या जवळ येतं. तुमच्यासारखीच जोडणी कुठे सापडली तर वाईट वाटेल, पण पैसे वाचतील. आणि ते पेटंट भारतात घेतलेलंच नसेल तर ती रचना तुम्ही इथे मोकळेपणाने वापरू शकता.

आता ज्या गोष्टीवर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ती: दावे. इंग्रजीत क्लेम म्हणतात, आमच्या धंद्यात सगळे क्लेमच म्हणतात. लोकांना वाटतं पेटंट यंत्राचं असतं. पेटंट असतं ते त्या कागदाच्या शेवटी लिहिलेल्या दाव्याच्या वाक्यांचं. शेताच्या खरेदीखतात चतुःसीमा असते तशी ही सीमा. सीमेच्या आत जो येईल त्याला तुम्ही अडवू शकता, बाहेर जो राहील त्याला नाही.

समजा कोणी असा दावा लिहिला: 'एक ड्रम, ज्यावर रबरी बोटांच्या सहा ओळी, ४५ अंशांच्या कोनात, आणि जाळीखाली चार स्प्रिंगा असलेलं यंत्र.' हे वाचून तुम्हाला बरं वाटेल, कारण तुमचं यंत्र हुबेहूब तसंच आहे. पण शेजारच्या कारखान्याने पाच ओळी लावल्या, स्प्रिंगच्या जागी रबराचे गुटके घातले, की ते सीमेबाहेर गेले असं म्हणायला त्यांना जागा मिळते. उलट 'कंद वेगळे करणारं, लवचिक बोटं असलेलं कोणतंही यंत्र' असं लिहिलं तर सीमा इतकी मोठी होते की जुनी दहा यंत्रं तिच्यात येऊन पडतात आणि दावा नवा राहतच नाही. दावा लिहिणं म्हणजे या दोन्हींच्या मधली वाट काढणं: शोधाचा जीव नेमका कशात आहे ते ओळखून तेवढंच घट्ट धरायचं आणि बाकी सैल सोडायचं. तुमच्या बाबतीत जीव कदाचित 'बोटाच्या वाकण्याशी जाळीची हालचाल जोडलेली असणं' यात असेल. ओळी किती, स्प्रिंग कशाची, याला महत्त्व नाही.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ फवारणीच्या नोझलचं पेटंट घेऊन आले होते. प्रमाणपत्र फ्रेम करून आणलं होतं. नक्कल करणाऱ्यावर खटला भरायचा होता. मी क्लेम वाचला. त्यात नोझलला किती आटे आहेत आणि ते पितळेचंच आहे हेसुद्धा लिहिलं होतं. नक्कल करणाऱ्याचं प्लास्टिकचं होतं. त्या माणसाची पाच वर्षं आणि सगळी आशा त्या एका शब्दात अडकली होती. मला त्यांना सांगताना फार जड गेलं. म्हणून २५ हजार जास्त की कमी, हा प्रश्नच मला गौण वाटतो. ते कोणत्या कामाचे, हे विचारा. दावा लिहिण्याआधी तो माणूस वर्कशॉपमध्ये येऊन यंत्र उघडून बघणार आहे का? शोध घेणार आहे का? परीक्षकाच्या आक्षेपांना उत्तर देणं त्यात धरलं आहे का? यांपैकी काही नसेल तर ती रक्कम फक्त फॉर्म भरायची आहे.

सरकारी फी वेगळी आणि ती कमी आहे. व्यक्ती म्हणून किंवा उद्यम नोंदणी असलेला छोटा उद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर अर्जाचे १६०० रुपये, परीक्षणाच्या विनंतीचे ४००० रुपये. परीक्षणाची विनंती आपण होऊन करावी लागते, २०२४ च्या नियमांपासून ३१ महिन्यांच्या आत. ती राहिली तर अर्ज मागे घेतला असं धरतात. छोट्या उद्योगाला, तसंच अर्जदारांत एक जरी स्त्री असेल तर, जलद परीक्षण मागता येतं, त्याचे ८००० रुपये. पेटंट मिळाल्यावर तिसऱ्या वर्षापासूनचं नूतनीकरण असतं. सुरुवातीला वर्षाला ८०० रुपये, शेवटच्या पाच वर्षांत वर्षाला ८०००. वीस वर्षं पूर्ण चालवलं तर सगळं मिळून ७७ हजारांच्या आसपास. कोणत्याही वर्षी वाटलं की यात आता राम नाही, तर भरणं थांबवायचं.

स्त्री अर्जदारावरून आठवलं. तुम्ही लिहिलंय की आई म्हणाल्या, 'मोठा गड्डा मोडताना आपण जोर जास्त लावतो, बारक्याला कमी. तुझं यंत्र सगळ्यांना सारखंच दामटतं.' त्यावरून तुम्ही स्प्रिंग बसवली. मग आई शोधकर्त्या ठरतात का? त्यांनी फक्त अडचण दाखवली असेल तर कायद्याच्या अर्थाने नाही. पण जाळी खाली-वर होऊ दे, असं काही त्यांनीच सुचवलं असेल, तर शोधकर्त्यांत त्यांचं नाव घालायलाच हवं. हे उपकार म्हणून करायचं नाही. ज्याचा हक्क नाही त्याच्या नावावर घेतलेलं पेटंट त्याच कारणाने रद्द होऊ शकतं. हळद मोडणाऱ्या बायकांच्या हातात जे ज्ञान आहे त्यावर किती यंत्रं उभी राहिली आणि किती अर्जांवर त्यांची नावं आली, याचा विचार मी नेहमी करते. तेव्हा बसून आठवा, आईला विचारा, आणि खरं ते लिहा.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: जुन्या ड्रमवर पैसे घालू नका, त्याचे पुरावे जपा, नवी जोडणी झाकून ठेवा, मोजा, शोध घ्या, आणि त्यात खरोखर काही निघालं तर आधी तात्पुरतं विवरणपत्र, म्हणजे शोधाचं प्राथमिक लेखी वर्णन, दाखल करा. प्रोव्हिजनल म्हणतात ते हेच. त्याने तारीख पक्की होते आणि पूर्ण विवरण द्यायला बारा महिने मिळतात. मात्र त्यात जे लिहिलेलं नाही त्याला ती तारीख मिळत नाही. दोन ओळी खरडून 'प्रोव्हिजनल झालं' म्हणणाऱ्यांनी अनेकांचं नुकसान केलं आहे.

अर्ज केला की 'पेटंट पेंडिंग' लिहिता येतं, 'पेटंटेड' लिहिता येत नाही. खोटं लिहिलं तर १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि अर्ज प्रसिद्ध झाला म्हणजे पेटंट मिळालं नव्हे. प्रसिद्धी साधारण अठरा महिन्यांनी आपोआप होते. पेटंट परीक्षणानंतर मिळतं, आणि खटला भरता येतो तो पेटंट मिळाल्यावरच.

खटला भरण्याचं मोकळेपणाने बोलू, कारण मेहुण्यांचं म्हणणं इथे अर्धं खरं ठरतं. फी छोट्या माणसाला परवडते, पण लढाई परवडेलच असं नाही. खटला जिल्हा न्यायालयात सुरू करता येतो. समोरच्याने 'हे पेटंटच रद्द करा' असा प्रतिदावा केला, आणि तो करतोच, की प्रकरण उच्च न्यायालयात जातं. म्हणजे तुम्ही सांगलीहून उच्च न्यायालयाच्या फेऱ्या मारणार, वर्षानुवर्षं. खर्च लाखांत जातो. म्हणून मी पहिल्याच भेटीत विचारते: हे यंत्र वर्षाला किती विकलं जाईल, एकामागे किती सुटतात, आणि नक्कल झाली तर त्यातलं किती जाईल? वर्षाला दहा यंत्रं विकली जाणार असतील तर पेटंटापेक्षा तो पैसा चांगल्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, घालणं शहाणपणाचं. सांगलीसोबत हिंगोली, निजामाबाद, इरोड असा हळदीचा सगळा पट्टा तुमच्या डोळ्यांपुढे असेल तर गोष्ट वेगळी, कारण भारतीय पेटंट सगळ्या देशात चालतं.

न लढताही पेटंटाचा उपयोग होतो. त्या कारखान्याकडे पत्रा कापायची यंत्रं आहेत, डीलर आहेत, ते तुमच्यापेक्षा दसपट माल काढू शकतात. त्यांनी घेतलेला ड्रम गेला तो गेला. पण त्यांच्या यंत्रातही गड्डे अडकत असणारच. उद्या तुमच्या नव्या जोडणीचा अर्ज नीट दाखल झालेला असेल, तर तुम्ही त्यांच्याशी बोलायला जाऊ शकता: प्रत्येक यंत्रामागे इतके द्या आणि वापरा. माझ्याकडच्या छोट्या अर्जदारांपैकी ज्यांच्या हाती खरोखर पैसा आला, त्यांतल्या बहुतेकांना तो असाच आला. पेटंट एकटं कोणाला पोसत नाही. मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांच्यासारखा प्रतिभावान माणूस, टाइप ओतायच्या यंत्रापासून कितीतरी शोध त्यांच्या नावावर, दादाभाई नौरोजींचा पाठिंबा, जमशेटजींचे चिरंजीव सर रतन टाटा यांचं भांडवल, तरी त्या शोधांच्या मानाने पैसा त्यांच्या हाती आला नाही. यंत्र बाजारात उभं करणारं कोणीतरी लागतं, आणि ते काम कायदा करत नाही.

बाकीचे हक्क झटपट सांगते. यंत्राच्या दिसण्याची डिझाइन नोंदणी होते, पण तीही नवी लागते आणि ती फक्त रूपाला राखते, कामाला नाही. तुमच्या बाबतीत फारसा उपयोग नाही. यंत्राला नाव दिलं असेल तर ट्रेडमार्क मात्र लगेच करा. छोट्या उद्योगाला मालाच्या एका वर्गासाठी ४५०० रुपये, आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत तो कायम चालतो. व्हिडिओमुळे तुमचं नाव पसरलंच आहे, ते दुसऱ्याने उचलू नये. आणि बोटांच्या रबराचं मिश्रण, त्याचा कडकपणा, हे कोणालाच सांगू नका. बोट बघून आकार कळतो, मिश्रण सहजासहजी कळत नाही.

आता मेहुण्यांच्या मोठ्या प्रश्नाला उत्तर देते, कारण तो टाळण्यासारखा नाही. कायदा छोट्यांसाठी आहे का? आपला १९७० चा कायदा न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावर उभा आहे. त्या वेळी भारतातली बहुतेक पेटंटं परदेशी कंपन्यांची होती आणि त्यांतली बहुतेक इथे वापरलीच जात नव्हती. म्हणून चाळणी मुद्दाम बारीक ठेवली गेली, आणि औषधांच्या बाबतीत त्याचा देशाला मोठा फायदा झाला. पण त्याच चाळणीत वर्कशॉपमधल्या लहान सुधारणा अडकतात. जर्मनीने १८९१ मध्येच यासाठी वेगळा, कमी मुदतीचा हक्क आणला. युटिलिटी मॉडेल म्हणतात त्याला. चीनमध्येही तो आहे. आपल्याकडे २०११ मध्ये केंद्र सरकारने यावर चर्चापत्र काढलं होतं, कायदा झाला नाही.

माझं मत विचाराल तर तो हक्क आपल्याकडे घाईने आणू नये. जर्मनीत, चीनमध्ये तो नवेपणाची पुरती तपासणी न होताच नोंदवला जातो. तुमचा स्वतःचा ड्रम मळणी यंत्रावरून आला आहे, तुम्हीच लिहिलंय. सांगली-कोल्हापूरच्या वर्कशॉपमध्ये शिकणं असंच होतं: एकाने पत्र्याला वेगळा बेंड दिला, दुसऱ्याने बघितला, तिसऱ्याने सुधारला. प्रत्येक बेंडवर न तपासलेला हक्क मिळू लागला तर पहिल्या नोटिसा तुम्हालाच येतील, कारण नोंदणी करणारा माणूस आणि वकील कारखान्याकडे आधीपासून असेल.

त्याऐवजी मला एक साधी गोष्ट हवी आहे: शोधकर्त्याने स्वतः उघड केलेल्या गोष्टीसाठी सरसकट बारा महिन्यांची सवलत. अमेरिकेत ती आहे, जपानने २०१८ पासून मुदत सहा महिन्यांवरून एक वर्ष केली. याने इतरांना एक वर्षभर खात्री राहत नाही, हा आक्षेप मी मान्य करते. पण ज्याच्याकडे कायदा विभाग नाही, जो आधी यंत्र चालतंय का बघतो, विकतो, आनंदाने मुलाला व्हिडिओ काढू देतो आणि मग पेटंटाचं नाव ऐकतो, त्याच्यासाठी आजचा नियम फार कठोर आहे. तुमच्यासारखी पन्नास तरी माणसं मी परत पाठवली असतील. त्यांच्या शोधांत खोट नव्हती, फक्त क्रम चुकला होता.

आजचा कायदा मात्र आहे तो असा आहे, म्हणून पुढच्या दिवसांचा क्रम नीट लावा. हळद जानेवारीपासून निघू लागेल आणि नवी जोडणी शेतात चालवून बघायचा मोह होईल. त्याआधी वर्कशॉपमधल्या चाचण्या आणि शोध उरकून प्रोव्हिजनल दाखल झालं तर उत्तम, मग खुशाल शेतात न्या. ते जमलं नाही आणि चाचणी घ्यावीच लागली, तर यंत्र विकू नका. एका विश्वासातल्या शेतकऱ्याकडे चाचणीसाठी म्हणून द्या, आणि साध्या कागदावर चार ओळी लिहून दोघांच्या सह्या घ्या: यंत्र चाचणीसाठी दिलं आहे, मालकी वर्कशॉपची आहे, आतली रचना कोणाला दाखवायची नाही, फोटो-व्हिडिओ काढायचा नाही, अमुक तारखेला परत द्यायचं. पैसे घेऊ नका. संध्याकाळी यंत्र परत आणा. पेटंट शक्य नसेल पण मदत हवी असेल, तर तळागाळातल्या संशोधकांसाठी २००० साली स्थापन झालेलं गुजरातमधलं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन आहे. निवडलेल्या शोधांचे अर्ज ते स्वतःच्या खर्चाने करतात. त्यांनाही पाठवण्याआधी विचारा, की पाठवलेली माहिती ते गुप्त ठेवतात का, आणि तसं लेखी घ्या.

आणि मुलाला सांगा, व्हिडिओ काढत राहा. नव्या जोडणीचा व्हिडिओही काढून ठेवू दे, तारखेसह, जवळून, झाकण उघडून. तो फक्त अर्जाची पावती हातात येईपर्यंत फोनमध्येच राहू दे.